उंची पाट्यांची, भुर्दंड क्रॉसला

पिकअपच्या मागच्या कमानीत एखाददुसरा पाटा वाढवून घेणं, याला आपल्याकडे कुणी गाडीत फेरफार करणं म्हणत नाही. कांदा, टोमॅटो, खडी, जे काही कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरायचं असेल त्याची ही पूर्वतयारी असते आणि ती बहुतेक वेळा गाडी पासिंग होऊन आल्या आल्याच उरकली जाते. थार किंवा जिप्सी घेऊन सह्याद्रीच्या आडवाटांना लागणाऱ्या हौशी माणसाची गरज वेगळी. त्याला मोठे टायर बसवायचे असतात आणि दगडाला पोट घासू नये म्हणून गाडी उचलायची असते. हेतू दोन असले तरी कृती एकच होते. चासी आणि मागचा ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढतं. वाढलेल्या अंतराशी जुळवून घेण्याची जबाबदारी मग एकट्या प्रोपेलर शाफ्टवर येऊन पडते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांना यातून वगळायला हवं. स्विफ्टसारख्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घातला तर हेडलाइटचा झोत खाली जाईल, मागे बसणाऱ्याला दणके बसतील, पण मागे शक्ती नेणारा दांडाच नसल्यामुळे कोनांचा प्रश्न उद्भवत नाही. पुढचं सगळं बोलणं आहे ते ज्यांचा गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शियल मागे आणि मधे शाफ्ट आहे अशा गाड्यांबद्दल: बोलेरो, जुनी-नवी थार, जिप्सी, जिम्नी, पिकअप, टेम्पो, ट्रक.

गाडी उचलली म्हणजे नेमकं काय उचललं, हे आधी पाहू. मागच्या ॲक्सलची जमिनीपासूनची उंची टायर ठरवतो. पाटे कितीही वाढवा, टायर तोच असेल तर ॲक्सल आणि त्याला धरून असलेलं डिफरन्शियल तसूभरही वर जात नाही. (म्हणूनच डिफरन्शियलचा गोळा दगडाला आपटणं नुसत्या लिफ्टनं थांबत नाही, त्याला मोठा टायरच लागतो.) वर जाते ती चासी आणि तिच्यावर बसवलेला गिअरबॉक्स. चासीच्या नजरेनं पाहिलं तर ॲक्सल तेवढाच खाली गेला. शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सला आणि मागचं डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या पिनियनला जोडलेलं, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा जास्त उतरता होतो. हा उतार शाफ्टला स्वतःला जाचत नाही. जाचतो त्याच्या दोन टोकांच्या क्रॉसना.

क्रॉस हा अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. त्याचे समोरासमोरचे दोन हात गिअरबॉक्सच्या दुबेळक्या योकमध्ये, उरलेले दोन शाफ्टच्या योकमध्ये, आणि चारही हातांवर सुईएवढ्या बारीक रोलरांनी भरलेल्या टोप्या. या जोडामुळे दोन दांडे एका रेषेत नसले तरी एकाचं फिरणं दुसऱ्याला मिळतं. फिरणं मिळतं, पण एकसारखं नाही. गिअरबॉक्सच्या योकमधले हात एका वर्तुळात फिरतात, शाफ्टच्या योकमधले दुसऱ्या, तिरक्या वर्तुळात. ताट डोळ्यांसमोर तिरकं धरलं की ते लंबगोल दिसतं आणि त्याच्या काठावर सारख्या अंतरानं मारलेल्या खुणा कुठे दाटलेल्या, कुठे विरळ वाटतात. क्रॉसमध्ये तेच घडतं. गिअरबॉक्स एकाच गतीनं फिरत असतो, शाफ्ट मात्र दर फेऱ्यात दोनदा पुढे झेपावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो.

किती झेपावतो? तीन अंशांच्या कोनात हा चढउतार हजारात जेमतेम दीडएक इकडे, तेवढाच तिकडे. दहा अंशांत दीड टक्का वर, दीड टक्का खाली. तीस अंशांत तर वर पंधरा टक्के आणि खाली तेरा. आकड्यांची चाल लक्षात आली असेल. कोन दुप्पट झाला की चढउतार चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. गाडी उचलणाऱ्याला नेमका हाच हिशेब दगा देतो, कारण इंचाची वाढ डोळ्याला सरळ दिसते आणि तिचा परिणाम वर्गाच्या पटीत येतो.

या वेड्यावाकड्या गतीचा पहिला चाहता रॉबर्ट हूक. स्प्रिंगच्या नियमामुळे ज्याचं नाव शाळेत पाठ करावं लागतं तोच हा हूक. पाटे आणि क्रॉस अशा दोन्ही टोकांना त्याचंच नाव यावं हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १६७६ साली त्यानं सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणांविषयीच्या पुस्तिकेत हा जोड मांडला. युरोपात अनेक ठिकाणी शाफ्टला कार्डनचं नाव आहे. हा कार्डन म्हणजे त्या पुस्तिकेच्या बरोबर शंभर वर्षं आधी वारलेला इटालियन वैद्य आणि गणिती जेरोलामो कार्डानो. हूकला जोडाची असमान गती हा दोष वाटला नाही. सपाट सूर्यघड्याळावर सावली सारख्या वेगानं सरकत नाही. लंडनच्या अक्षांशावर बारा ते एक या तासात ती १२ अंश सरकते आणि संध्याकाळी पाच ते सहात १९ अंश. पुण्यात हा फरक आणखी मोठा, दुपारी ५ अंश आणि संध्याकाळी ४०. सावलीच्या या चालीचं सूत्र आणि क्रॉसच्या चालीचं सूत्र एकच आहे. म्हणजे घड्याळाचा दांडा योग्य कोनातल्या अशा जोडातून नेला की पलीकडचा काटा सूर्यघड्याळाच्या सावलीसारखा चालेल. हूकसाठी जो गुण होता तो मोटारीत आल्यावर अवगुण झाला, एवढंच.

मोटारीत तो रुळवला क्लॅरेन्स स्पायसरनं. तोवर बऱ्याच गाड्यांच्या चाकांना साखळी ओढायची, सायकलला ओढते तशी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकताना स्वतःची गाडी बांधण्याच्या खटपटीत स्पायसरनं साखळी काढून शाफ्ट आणि बंदिस्त, वंगण धरून ठेवणारे जोड वापरले. १९०३ साली त्याला पेटंट मिळालं आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डला त्यानं उत्पादन सुरू केलं. त्याच्या कंपनीतूनच पुढे डाना ही कंपनी उभी राहिली.

आता एका क्रॉसची गती असमान असेल तर शाफ्टला दोन्ही टोकांना क्रॉस का लावतात? असमानतेवर उतारा म्हणून. पहिल्या क्रॉसनं शाफ्टला जेवढं पुढे ढकललं तेवढंच दुसऱ्या क्रॉसनं पिनियनला मागे खेचलं तर पिनियन पुन्हा गिअरबॉक्सइतकंच एकसारखं फिरेल. त्यासाठी दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत हवेत. आणि दोन्ही क्रॉसवरचे कोन सारखे हवेत, म्हणजेच साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टमध्ये गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात. गिअरबॉक्स मागच्या बाजूला तीन अंश उतरता असेल तर पिनियनचं नाकही तीन अंश वर उचललेलं हवं. मधला शाफ्ट कितीही तिरका असला तरी हिशेब मिटतो.

मिटतो, पण फुकट नाही. पिनियनला एकसारखी गती मिळाली तरी मधल्या शाफ्टचं झेपावणं-रेंगाळणं चालूच असतं आणि शाफ्ट हे काही हलकं प्रकरण नाही. त्याला सेकंदाला कित्येक वेळा वेग देणं आणि काढून घेणं याचा मार क्रॉसच्या सुया, गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग आणि पिनियनचं बेअरिंग यांनी खायचा असतो. म्हणून समांतर असणं जसं पाहायचं तसं कोन लहान असणंही पाहायचं. रस्त्यावरच्या गाडीला तीन अंशांच्या आत आणि दोन्ही क्रॉसमधला फरक एका अंशाच्या आत, हा या धंद्यातला सर्वमान्य दंडक. शाफ्ट जितका जोरात फिरणार तितका कोन कमी ठेवायचा. मिनिटाला २,५०० फेऱ्यांना ७ अंश ही साधारण कमाल मर्यादा, ५,००० फेऱ्यांना ती जेमतेम सव्वातीन. शून्य कोनही चालत नाही. क्रॉसच्या सुया जागच्या हलल्याच नाहीत तर त्या एकाच ठिकाणी पोलादात खाचा पाडतात. अर्धा-एक अंश हवाच.

आता एक आखूड जीप घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण प्रत्यक्षापासून लांब नाहीत. मागचा शाफ्ट ८०० मिलिमीटर, त्याचं मागचं टोक पुढच्यापेक्षा ८० मिलिमीटर खाली, म्हणजे उतार पावणेसहा अंशांच्या आसपास. गिअरबॉक्स ३ अंश उतरता. दोन्ही क्रॉसवर पावणेतीन अंश. दंडकात बसलं. आता मागून तीन इंच, ७५ मिलिमीटर उचलू. उतार ११ अंशांवर जातो आणि क्रॉसवरचा कोन ८ अंशांवर. पावणेतीनाचे आठ, तिप्पट म्हणू; शाफ्टच्या गतीतला चढउतार मात्र साडेआठ पटींनी वाढला, वर-खाली मिळून पाव टक्क्याखालून दोन टक्क्यांवर. हीच तीन इंचांची उचल दुप्पट लांब, १,६०० मिलिमीटरच्या आणि तितक्याच उताराच्या शाफ्टला दिली तर क्रॉसवरचा कोन साडेपाचाच्या आतच राहतो. आखूड जीपला उचल महागात पडते आणि लांब पिकअपला ती खपून जाते, त्याचं कारण हे. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मात्र हा फायदा बराचसा गळतो. पुढचा तुकडा सेंटर बेअरिंगसकट चासीलाच टांगलेला असतो, सगळा वाढीव उतार मागच्या तुकड्याच्या वाट्याला येतो.

इथे एक शंका हमखास येते. फक्त मागून उचलली तर गाडीचं नाक खाली जातं, मग गिअरबॉक्सचा कोनही बदलला ना? जमिनीच्या मानानं बदलला. २,४०० मिलिमीटर व्हीलबेसला ७५ मिलिमीटर म्हणजे पावणेदोन अंशांहून किंचित जास्त. पण चासी झुकली तसा तिच्यावरचा पाट्यांचा संच आणि त्याला बांधलेला ॲक्सलही तेवढाच झुकला. समांतर रेषा समांतर राहिल्या. या झुकण्याची झळ लागते ती पुढे: स्टिअरिंगचा कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) तेवढ्याच अंशांनी घटतो आणि वेगात गाडी हातात सैल, भटकी वाटू लागते. मागचं काम केलं आणि स्टिअरिंग बिघडलं, अशी तक्रार घेऊन येणारा माणूस उगीच कुरकुर करत नसतो.

समांतरपणा मोडतो तो उचलण्याच्या पद्धतीमुळे, आणि खरी निवड इथेच आहे. पाट्यांचा संच आणि ॲक्सल यांच्यामध्ये सपाट ठोकळा घालून, लांब यू-बोल्टनं आवळला तर पिनियनची रेषा चासीच्या मानानं तशीच राहते. उतार वाढतो, समांतरपणा टिकतो. पाट्यांना पुन्हा कमान देऊन किंवा वाढीव पाटा घालून उचललं तरी बऱ्याच अंशी तेच. पाट्यांचं टोक चासीला टांगणारी कडी, म्हणजे शॅकल, लांब करण्याचं मात्र तसं नाही. मागची शॅकल लांब केली की पाट्यांचं मागचं टोक चासीपासून खाली जातं, संच पुढच्या डोळ्याभोवती फिरतो आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं. आपल्याच जीपमध्ये एक इंच उचलीसाठी शॅकल दोन इंच लांब करावी लागते आणि १,१०० मिलिमीटरच्या पाट्यांवर पिनियन अडीच अंशांहून जास्त वर बघू लागतं. नाक वर आल्यानं शाफ्टचा उतार फारसा वाढत नाही, पण पुढच्या क्रॉसवर साडेतीन अंश आणि मागच्यावर एकही नाही, अशी विषम जोडी होते. एका इंचासाठी एका अंशाचा दंडक मोडला. शॅकल ही सगळ्यांत स्वस्त आणि म्हणून सगळ्यांत लोकप्रिय पद्धत आहे. माझ्या मते ती सगळ्यांत वाईटही आहे.

ठोकळ्याला स्वतःचा एक रोग आहे. गाडी जोरात ओढू लागली की चाकांना पुढे ढकलण्याच्या उलट्या धक्क्यानं पिनियनचं नाक वर उसळू पाहतं आणि पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळवटतात. ठोकळ्यामुळे ॲक्सल पाट्यांपासून लांब गेल्यानं या पिळाला जास्त तरफ मिळते. चढावर पहिल्या गिअरमध्ये मागची चाकं थडथड उड्या मारतात ती यामुळे. जाणते मेकॅनिक पिनियन समांतरापेक्षा एक-दोन अंश खालीच ठेवतात, म्हणजे ओढताना ते आपोआप जागेवर येतं. त्यासाठी पाटे आणि ॲक्सल यांच्यात पाचरीसारखी निमुळती शिम घालतात. पुढच्या ॲक्सलवर ठोकळा घालून लिफ्ट करू नये; तिथे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींचा पीळ असतो.

२०२० च्या थारला आणि जिम्नीला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत आणि ॲक्सलला दांड्यांनी जागेवर धरलेलं आहे. तिथे पिनियनचा कोन त्या दांड्यांच्या लांबीवर ठरतो. स्प्रिंगखाली स्पेसर घालून उचललं की प्रत्येक दांडा आपापल्या कमानीत फिरतो, वरचे आणि खालचे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पिनियन वळतं. ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड दांडा असेल तर सगळा ॲक्सल एका बाजूला थोडा सरकतो आणि शाफ्टला उभ्या उतारासोबत आडवा कोनही मिळतो. इथे शिम कामाची नाही, लांबी बदलता येणारे दांडे लागतात. जास्त उचलीच्या गाड्यांना गिअरबॉक्सच्या टोकाला दुहेरी क्रॉसचा जोड बसवतात. मग हिशेबच पालटतो: समांतर वगैरे विसरायचं आणि पिनियनचं नाक थेट त्या जोडाकडे रोखायचं. पिनियन इतकं वर केलं की डिफरन्शियलमधलं तेल मागे ओघळतं आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग कोरडं पडायची भीती असते. तेलाची पातळी त्या मानानं वाढवून घ्यावी लागते.

पिकअपवाल्याकडे परत यायला हवं, कारण त्याचा कोन दिवसातून दोनदा बदलतो. माल भरला की पाटे बसतात, शाफ्ट सरळ होत जातो. कारखान्यात कोन ठरवताना रिकामी आणि भरलेली अशा दोन टोकांमधली तडजोड केलेली असते. पाटा वाढवला की ही तडजोड भरलेल्या गाडीच्या बाजूला झुकते. बाजार समितीकडे जाताना गाडी गप्प असते आणि रिकामी परतताना ऐंशीच्या वेगात खालून घुमू लागते. ड्रायव्हरला वाटतं, रिकाम्या गाडीचा आवाज जास्त येणारच. खरं तर क्रॉस सगळ्यात जास्त कोनात आणि सगळ्यात जास्त वेगात आता चालला आहे.

हे घुमणं ओळखायला थोडं गणित पुरतं. टायरचा परीघ २.२ मीटर, वेग ८०, म्हणजे चाक सेकंदाला दहा फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३ धरलं तर शाफ्टचे त्रेचाळीस फेरे, मिनिटाला २,६०० च्या घरात. क्रॉस दर फेऱ्यात दोनदा धक्का देतो म्हणून सेकंदाला सत्याऐंशी. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर सावकाश थरथर जाणवते, दहाची. शाफ्टच वाकलेला किंवा बॅलन्स गेलेला असेल तर त्रेचाळीसची. कोनाचा दोष सत्याऐंशीचा. तो हाताला कमी आणि कानाला जास्त कळतो, बंद डब्यातल्या घुमण्यासारखा, एका ठरावीक वेगाला चढतो आणि पुढे विरतो. आपली तीन इंच उचललेली जीप या वेगाला ८ अंशांवर आहे, सातच्या मर्यादेपलीकडे. तिचं बॅलन्सिंग कितीही वेळा करून घेतलं तरी आवाज जाणार नाही.

कोनाच्या नादात लांबी विसरली जाते. त्याच जीपमध्ये दोन क्रॉसमधलं अंतर ८०० वरून ८११ मिलिमीटर झालं. वाढीव अकरा मिलिमीटर शाफ्टच्या स्प्लाइननं, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दात्यांच्या जोडानं, द्यायचे असतात, म्हणजे आत गुंतलेली लांबी तेवढी घटली. सपाट रस्त्यावर काही बिघडत नाही. पण उचललेली गाडी खड्ड्यात एक चाक लोंबकळवते तेव्हा ॲक्सल आणखी खाली जातो. तिथे स्प्लाइन काठावर आली तर शाफ्ट निखळतो आणि सुटलेलं टोक खालून काय काय फोडेल याचा भरवसा नाही. गाडी उचलल्यावर ॲक्सल पूर्ण लोंबू देऊन स्प्लाइन किती उरते ते एकदा पाहून घ्यावं. कमी पडत असेल तर शाफ्ट लांब करून, पुन्हा बॅलन्स करून घ्यायचा.

कोन मोजणं अवघड नाही. डिजिटल अँगल गेज पुरतो, मोबाइलचाही चालतो. गिअरबॉक्सच्या योकची सपाट बाजू, शाफ्टची नळी, पिनियनचा योक, असे तीन आकडे घ्यायचे आणि वजाबाकी करायची. जमीन थोडी उतरती असली तरी चालेल, तिन्ही आकडे सारखेच चुकतात. मात्र गाडी चाकांवर उभी हवी. चासीला जॅक लावून ॲक्सल लोंबत असताना घेतलेला कोन कुठल्याच रस्त्यावर नसतो. नेहमी जेवढं वजन भरतो तेवढं भरून आणि रिकामी, असं दोनदा मोजलं तर उत्तम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली निर्मात्यानं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ती उचलून धरली; मोजणी कितीही चोख असली तरी आरटीओसमोर ती उपयोगाची नाही.

कोन बरोबर, लांबी बरोबर आणि तरीही गाडी घुमते, असंही होतं. मग स्प्लाइन पाहावी. क्रॉस बदलताना शाफ्टचे दोन भाग वेगळे केले जातात आणि परत घालताना एक-दोन दात इकडेतिकडे बसतात. दोन योकची पातळी चुकली की पहिल्या क्रॉसची असमानता दुसरा पूर्ण फेडू शकत नाही. नव्वद अंशांनी चुकली तर फेडण्याऐवजी दुप्पट करतो. बऱ्याच शाफ्टवर यासाठी दोन्ही भागांवर बाणाची खूण ठोकलेली असते. चिखल आणि ग्रीसच्या थराखाली ती दिसत नाही, म्हणून शाफ्ट उघडायच्या आधी वायर ब्रश मारून ती शोधावी, नसेल तर रंगाची एक रेघ स्वतः ओढून घ्यावी आणि मगच नट ढिले करावेत.